उन्हाची राखण

ग्रेट फॉल्स, मोंटाना
२ सप्टेंबर

आर्डिस आत्या,

तुझ्याकडे फोन नाही म्हणून हे लिहितो आहे. फोन असता तर बरे झाले असते. मला ओरडायचे आहे, आणि कागदावर ओरडता येत नाही.

काल तुझा शेजारी ग्लेन आमच्या गॅरेजात त्याचा ट्रेलर दुरुस्तीला घेऊन आला होता. मी ट्रेलरखाली होतो. तो वरून सहज बोलून गेला, "यंदा मर्लला घोड्यावर बांधूनच न्यायला पाहिजे. गेल्या वर्षी झोपेतच खाली आला गडी." मी बाहेर आलो आणि विचारले, झोपेत म्हणजे? मग त्याची बोबडी वळली. "आर्डिसनं सांगितलं नाही का रे तुला?" म्हणाला.

नाही सांगितले. तू आम्हाला सांगितलेस की घोडा बुजला, बाबा पडले, गळ्याचे हाड मोडले. वर्षभर मी त्या बिचाऱ्या घोड्याला शिव्या देतो आहे.

बाबांचा श्वास झोपेत थांबतो हे तुला पक्के माहीत आहे. घरी त्यांच्या तोंडावर मुखवटा असतो आणि मशीन रात्रभर हवा ढकलत असते, म्हणून ते सकाळी माणसासारखे उठतात. तुझ्या शिकारीच्या तळावर वीज नाही, म्हणून गेल्या वर्षी आठवडाभर ते मशीनशिवाय झोपले, म्हणजे झोपलेच नाहीत, आणि मग कड्यावरच्या वाटेवर खोगिरात बसल्या बसल्या डोळा लागला. वाटेच्या दुसऱ्या बाजूला पडले असते तर तू कोणत्या घोड्याचे नाव सांगितले असतेस?

आता डॉक्टर म्हणतात की हृदयही थकले आहे. मी बाबांना म्हटले, यंदा जाऊ नका. ते म्हणाले, "आर्डिसनं तळ टाकला की मी तिथं असणार. मशीन असो नसो." माझे ते ऐकत नाहीत. तुझे ऐकतात. म्हणून दोनपैकी एक कर. त्यांना येऊ नको म्हणून सांग, नाहीतर त्यांच्याबरोबर वीज येऊ दे.

विजेचा मी विचार केला आहे. जनरेटर चालणार नाही. त्या राखीव जंगलात इंजिनाला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी तू त्याला गोळी घातली असतीस. ट्रकची बॅटरी फार जड आणि आत तेजाब. खेचर घसरले तर त्याचीच पाठ जळेल. राहिला तो नवा लिथियम बॅटरीचा डबा, आणि त्याला उन्हावर भरणारे घडीचे सोलर पॅनेल. खेचरावर किती वजन चालेल ते कळव.

लोवेल

•

हेरन क्रीक
८ सप्टेंबर

लोवेल,

पत्र पोचलं. एक शब्द चुकलेला नाही. दहावीत शाळा सोडलीस पण शब्दकोश काही सोडला नाहीस. चिडलेल्या माणसानं दोन-चार चुका कराव्यात रे, म्हणजे राग खरा वाटतो.

ग्लेनला मी बघून घेईन. घोड्याचं खोटं मी सांगितलं, पण सांगायला लावलं तुझ्या बापानं. हाड मोडलेलं, ओठ निळे पडलेले, आणि पहिलं वाक्य काय, तर "पोराला कळता कामा नये." का कळता कामा नये? कारण पोराला कळलं की पोरगा यादी करतो. हे खाऊ नका, ते उचलू नका, जिना चढू नका. तू त्याला घरात बसवशील आणि तो खिडकीतून शेजाऱ्याच्या गवताला नावं ठेवत बसेल. मी त्याला येऊ नको म्हणणार नाही. तो माझा भाऊ आहे, तुझा पेशंट नाही.

आता तुझ्या डब्याचं. माझ्या तळावर रेडिओ नाही, टेप नाही, बायबलसुद्धा ग्लेनच आणतो आणि तोच वाचतो. तिथं एक डबा भुणभुणणार. बरं, खेचरावर ओझं दोन्ही बाजूंना सारखं लागतं, नाहीतर खोगीर फिरतं, एवढं तरी तुला आठवत असेल. बाराव्या वर्षी एकदाच आलास आणि माझ्या खेचरानं, हेझलनं, बाही चावली म्हणून पायथ्याशीच रडत बसलास, पुढं आलाच नाहीस, म्हणून विचारते. तुझ्या डब्याच्या समोरच्या बाजूला मला तेवढ्याच वजनाचे बटाटे घालावे लागतील. उतरताना बटाटे खाऊन संपलेले असणार आणि तुझा डबा मात्र आहे तेवढाच. मग काय, दगड भरू?

पाठवायचं ते पाठव. मी नर्स नाही.

आर्डिस

•

ग्रेट फॉल्स
१४ सप्टेंबर

आर्डिस आत्या,

तू नर्स नाहीस हे गळ्याच्या हाडावरून कळले.

डबा घेतला. कसा घेतला ते सांगतो, म्हणजे तिथे वर गेल्यावर "पोराने काहीतरी उचलून आणले" असे म्हणायला नको. दुकानातल्या विक्रेत्याने मला आधी सगळ्यात लहान डबा दाखवला. म्हणाला, "यावर फोन शंभर वेळा चार्ज होतो." मी म्हटले, मला फोन चार्ज करायचा नाही, बाप जिवंत ठेवायचा आहे. मग त्याने सगळ्यात मोठा दाखवला, तो मलाच उचलेना. मधला घेतला. तो एका कुशीवर बांधता येईल एवढा आहे.

मग मी तो परसात नेला आणि बाबांचे मशीन त्यावर रात्री चालवून पाहिले. बाबांना सांगितले, गॅरेजसाठी तपासतो आहे. त्यात जे कळले ते असे: मशीनमध्ये हवा ओलसर ठेवायला पाणी तापवणारी एक पट्टी असते. ती चालू ठेवली तर डबा तीन रात्रींत रिकामा. बंद ठेवली तर जवळजवळ पूर्ण आठवडा. म्हणून पट्टी बंद म्हणजे बंद. तंबूतल्या चुलीने नाक कोरडे पडेल, बाबा कुरकुर करतील, करू देत. मशीनची वायर थेट डब्याच्या गोल भोकात घालायची, घरच्यासारखा प्लग वापरायचा नाही. त्यात वीज वाया जाते.

दुसरे. डबा गोठू द्यायचा नाही. गोठलेला डबा वीज देतो, पण घेत नाही. कितीही ऊन असले तरी घेत नाही. सकाळी बाहेर काढायचा तर आधी उबेत ठेवायचा.

तिसरे, पॅनेल. काळ्या कापडासारखे आहे, उघडले की दारावरच्या पडद्याएवढे होते. तंबूच्या दक्षिणेकडच्या दोरीला टांग. दुपारी एकदा सूर्याकडे वळव. त्यावर फांदीची सावली पडली तर अर्धे नव्हे, जवळजवळ सगळेच बंद पडते. मी पाहिले आहे, आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीच्या सावलीनेही ते ढेपाळते. रोज चार तास ऊन मिळाले तर मला चिंता नाही. म्हणजे आहे, पण झोप लागेल.

तुमच्या तंबूच्या दक्षिणेला दोरी आहे ना, एवढे कळव.

लोवेल

ता. क. मी रडलो नव्हतो. बाही फाटली होती.

•

हेरन क्रीक
२० सप्टेंबर

लोवेल,

दक्षिणेला दोरी आहे. चांगली जाड आहे.

आता हंगाम संपेपर्यंत लिहू नकोस. मला खेचरांना नाल ठोकायचेत, आणि पत्रपेटीपर्यंत रपेट करून यायचं आणि आत तुझ्या सूचना निघायच्या, याचा कंटाळा आलाय.

आर्डिस

•

हेरन क्रीक
३० ऑक्टोबर

लोवेल,

तुझा बाप परत पाठवला. सगळी हाडं मोजून घे.

डबा त्याच्याबरोबर आहे, पॅनेलही. एक कोपरा हेझलनं खाल्लाय, त्याचं माझ्याकडे काही मागू नकोस. तू सांगितलंस तसं दक्षिणेच्या दोरीला टांगलं होतं. डबा तंबूत भुणभुणत होता. मर्ल लाकूडतोड्यासारखा झोपला, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून कॉफीला नावं ठेवायला लागला. दोन दिवसांत त्यानं एल्क हरणाचा नर पाडला. ग्लेननं पाडला. मला काही मिळालं नाही. तरुणपणापासून पहिल्यांदा माझा शिकारीचा परवाना न वापरता तसाच घरी आला. ग्लेन आता गावभर सांगत फिरेल की आर्डिस म्हातारी झाली.

पुढच्या वर्षी ते डबडं इकडे पाठवू नकोस. एकदा सोसलं.

आर्डिस

•

ग्रेट फॉल्स
५ नोव्हेंबर

आर्डिस आत्या,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडले. आता जे निघेल ते पाठवतो.

बाबा आले तेव्हा मला आनंद झाला, हे कबूल करतो. चेहऱ्यावर रंग होता. स्वयंपाकघरात उभे राहून एल्कचे काळीज कांद्यावर परतत होते आणि बोलत होते, बोलतच होते. आणि ऐकता ऐकता माझा हिशोब जुळेनासा झाला.

ते म्हणाले, "तुझी ती पट्टी मी चालूच ठेवली बरं का. नाकाची नुसती राख झाली होती पहिल्या रात्री. पण डबा भारी निघाला तुझा."

मी म्हटले, पट्टी चालू होती तर डबा चौथ्या रात्री संपायला हवा होता.

"नाही संपला. आर्डिस सकाळी तो उचलून तिच्या तंबूत न्यायची, गारठू नये म्हणून. एवढी काळजी तिनं माझी जन्मात घेतली नाही."

आणि पॅनेल? दोरीला टांगले होते ना?

"ते काळं कापड? ते कुणी उघडलंच नाही. आणि टांगून करायचं काय? तिथं ऊन कुठंय?"

मग ते हसत सुटले आणि मला सांगू लागले, जसे काही हे साऱ्या जगाला माहीत आहे. की आजोबांनी तो तळ मुद्दाम डोंगराच्या उत्तरेकडच्या दाट झाडीत निवडला. की सप्टेंबर सरला की तिथे दिवसभरात उन्हाचा कवडसा पडत नाही. की म्हणूनच तिथे टांगलेले मांस आठवडाभर टिकते, आणि पलीकडच्या उघड्या कुरणात तळ टाकणारे शहरी शिकारी दर वर्षी अर्धा प्राणी सडवून घरी नेतात. "सावली हाच आपला फ्रीज," म्हणाले.

मला हे कुणी सांगितले नव्हते. मी पॅनेलवरची सावली कपड्यांच्या दोरीच्या जाडीपर्यंत मोजली आणि तुम्ही लोक डोंगराच्या सावलीत राहता.

तुला माहीत होते. मी वीस वेळा ऊन, ऊन लिहिले, आणि तू लिहिलेस, "दक्षिणेला दोरी आहे. चांगली जाड आहे." तेव्हा तू खोटेही बोलली नाहीस, आत्या. त्याहून वाईट केलेस. एका डब्याच्या भरवशावर तू बाबांना वर नेलेस, आणि तो डबा भरणार नाही हे जाणून नेलेस. त्यांचा श्वास तू पत्त्यांच्या डावात लावलास. याचा मला किती राग आला आहे, ते अक्षर बघ.

आणि तरीही डबा भरला. तो परत आला तेव्हा अर्ध्याहून जास्त भरलेला होता. डबा आपोआप भरत नाही. मी बाबांना विचारले, आत्या दिवसभर काय करायची? म्हणाले, "एकटीच हेझलला घेऊन खिंडीकडे जायची, मोठ्या नराच्या मागावर. रोज रिकामी यायची आणि रोज चिडलेली. तिचा डावा गाल बघायला हवा होतास. ऑक्टोबरात बीटासारखा लाल."

उजवा नाही. फक्त डावा.

मी बाबांना काही बोललो नाही. ते अजून समजून आहेत की डबा भारी निघाला. पण मला तू खरे सांगायचे आहेस. ऊन कुठून आणलेस?

लोवेल

•

हेरन क्रीक
१२ नोव्हेंबर

लोवेल,

खिंडीवरून आणलं. आणखी कुठून आणणार, दुकानातून?

हो, मला माहीत होतं. सप्टेंबरात लिहिलं असतं तर तू त्याला घरात कोंडलं असतंस, आणि खरं सांगायचं तर तू चुकला नसतास. पण मीच चूक असं म्हणून मी त्याला सोडून एकटी वर जाऊ का? आमच्या बापाच्या तळावर आता आम्ही दोघंच उरलोत. ग्लेन काय, ग्लेन शेजारी आहे. तळ हलवायला सांगशील, तेही होणार नाही. कुरणात मांस नासतं. आमच्या बापानं आयुष्यात एकच शहाणपणाची गोष्ट केली आणि ती म्हणजे ती सावली.

मी म्हटलं, पट्टी बंद ठेवेल तर निभेल. तर त्यानं पहिल्याच रात्री लावली. मी सकाळी डब्यावरचा आकडा बघितला आणि किती रात्री पुरेल ते बोटांवर मोजलं. त्याच्याशी भांडले असते, पण त्याला कळलं असतं की हिशोब चुकतोय, आणि मग काय झालं असतं ते तुलाही माहीत आहे. बहीण आपल्या श्वासासाठी डोंगर चढते म्हटल्यावर त्यानं तो मुखवटा चुलीत घातला असता. म्हणून "डबा गारठतो" म्हणून तंबूत नेला, मागच्या बाजूनं काढला, घोंगडीत गुंडाळला आणि हेझलवर लादला. दुसऱ्या बाजूला बटाटे. हो, रोज तेच बटाटे वर नेले आणि खाली आणले. ग्लेन विचारतो, "आर्डिस, बटाटे शिजवणार आहेस की फिरवणार?"

खिंडीवर ऊन छान असतं, ते सोड. तासभर चढायचं, ते कापड पसरायचं, चार दगड ठेवायचे, आणि वाटेकडे तोंड करून, सगळं ऊन डाव्या गालावर घेत बसायचं. सूर्य हलला की कापड हलवायचं. मी आयुष्यात पाखरं हाकायला शेतात बसले नाही, आणि या वयात उन्हाची राखण करत बसले. शिव्या तुलाच दिल्या. रोज नव्या.

आणि आता जे लिहिते ते मर्लला सांगितलंस तर याद राख.

पाचव्या दिवशी नर आला. तसला नर मी माझ्या बापाच्या वेळेपासून पाहिला नव्हता. उतारावरून वर आला आणि तुझ्या काळ्या कापडासमोर उभा राहिला, आरशात बघावं तसा. बंदूक माझ्या मांडीवर होती. वारा माझ्याकडेच येत होता. गोळी चुकली नसती, डोळे मिटून मारली असती तरी चुकली नसती.

पण एल्क म्हणजे ससा नाही की खिशात घातला. मारला तर सोलायचा, तोडायचा, आणि अंधाराच्या आत खाली न्यायचा, कारण बंदुकीचा आवाज आला की त्या खिंडीत अस्वलं जेवायला येतात. खेचर एक. मांस लादलं तर डबा वरच राहतो. आणि डबा वर राहिला तर खाली मर्ल राहतो, मुखवट्याशिवाय.

मी बसून राहिले. त्यानं मला बघितलं, कापड बघितलं, आणि सावकाश निघून गेला. हेझलला तेवढ्यात संधी मिळाली, तिनं कोपरा खाल्ला.

झालं समाधान? तुझ्या रागापायी मला हे लिहावं लागलं. मी कुणाला सांगणार नव्हते.

आर्डिस

•

ग्रेट फॉल्स
१८ नोव्हेंबर

आर्डिस आत्या,

समाधान झालेले नाही. सप्टेंबरात तू मला फसवलेस याचा राग तसाच आहे आणि तो जाणार नाही, असे मी आधीच कळवून ठेवतो. बाबा खाली पडले असते, किंवा तू त्या खिंडीवर घसरली असतीस, तर तू कुठे आहेस हे जगात एका खेचराला माहीत होते.

त्या नराबद्दल मी काही लिहिणार नाही. लिहायला गेलो तर तू म्हणशील, पोरगा रडतो.

पुढच्या वर्षीचे ठरवले आहे. मी येणार आहे. बाबांना सांगितले की मला शिकार शिकायची आहे. ते इतके हसले की ठसका लागला. हसू देत. खिंडीवर मी बसेन, तू बंदूक घेऊन जिकडे जायचे तिकडे जा. पट्टीची वायर मी आधीच काढून ठेवीन. पॅनेलचा कोपरा शिवून, डांबर लावून दुरुस्त केला आहे, चालतो आहे. शिवाय मी तसलाच दुसरा डबा पाहून ठेवला आहे. दोन्हींचे वजन अगदी सारखे, म्हणजे हेझलच्या दोन्ही बाजूंना एकेक बसेल आणि तुला बटाटे फिरवावे लागणार नाहीत.

खेचरांची मला अजून भीती वाटते. हे तू ग्लेनला सांगू नकोस.

लोवेल

•

हेरन क्रीक
२६ नोव्हेंबर

लोवेल,

दुसरा डबा नको. त्या बाजूला बटाटेच येतील, खाणारं एक तोंड वाढलंय.

लांब बाह्यांचं काही घालू नकोस. आणि रुंद काठाची टोपी आण. डावा गाल भाजतो.

आर्डिस